आम्ही त्याला पाहिलं

आमच्या ह्यांचं तोंड म्हणजे कुलूपच. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं, आणि त्यावर आम्ही दोघं एकदाही धड बोललो नव्हतो. मी बोलायचे, म्हणजे भांडायचे. ते ऐकून घ्यायचे आणि सुप्याच्या कंपनीत जादा पाळी करायचे. नात्यात कुणाचं बारसं निघालं की ह्यांची पाळी हमखास त्याच दिवशी! मी एकटी जायचे. पाळण्याजवळ बायका मला हळूच मागं सरकवायच्या, आणि त्याचा राग मी घरी येऊन भांड्यांवर काढायचे. "तुम्हाला काही वाटतच नाही का हो?" असं विचारलं की हे उठून म्हशीला पाणी पाजायला जायचे. मूल तर नाहीच, आता हा माणूसही आपल्या हातचा जातोय, अशी भीती माझ्या मनात बसली होती.

नगरला आयव्हीएफ करायचं ठरलं तेव्हाही ते नुसतं "बरं" म्हणाले. इंजेक्शनं घेऊन घेऊन माझं पोट काळंनिळं झालं. गर्भ आत सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मिस्टरांना आत यायचंय का?" मी म्हटलं, "कशाला? बाहेरच बरे आहेत ते." तर हे आलेच. हिरवा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. एरवी मी हसून हसून मेले असते.

समोरच्या पडद्यावर एक गोल उमटला. "हा तुमचा गर्भ, पाच दिवसांचा," बाई म्हणाल्या.

अगं बाई! नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही एवढासा जीव, आणि पडद्यावर चांगला भाकरीएवढा दिसत होता. कडेनं उजेड, आत बारीक दाण्यांचा पुंजका, आणि तो चक्क जिवंत होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. देवाकडं इतकी वर्षं मागत होते, पण त्याचं काम चालू असताना असं डोकावून बघायला मिळेल, हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं. शेजारी पाहिलं, तर ह्यांनी हात जोडलेले. "आलास व्हय," ते हळूच म्हणाले. असला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

येताना दिराची गाडी ह्यांनी इतकी सावकाश चालवली, की उसाचा ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागं टाकून गेला. "अहो, ते काय सांडणार आहे का?" मी म्हटलं. "तू गप बस गं," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. कितीतरी दिवसांनी असं एकत्र हसलो असू.

पण राहिलं नाही. रक्ताचा रिपोर्ट आला आणि सगळं संपलं. सासूबाई बिचाऱ्या माझी समजूत काढायला म्हणाल्या, "जाऊ दे बाई, त्यात काय हुतंच न्हाई." हे ताटावरून उठून बाहेर गेले. मी मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस जन्मात बोलायचा नाही.

दिवाळीनंतर आम्ही एसटीनं देवळालीला माझ्या माहेरी निघालो होतो. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी पिशवीतली बोरं काढून माझ्या हातावर ठेवली आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "लेकरं किती गं तुला?" माझं उत्तर जिभेवर तयारच असतं, "तुम्हाला किती पाहिजेत?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीजवळून हे बोलले.

"एक हुतं, आजी. पाच दिवसांचं. पोटात न्हाई राह्यलं. पर आमी बघितलं त्याला, दवाखान्यात, टीव्हीवर."

मी गारच पडले. भर एसटीत! ज्या माणसानं घरात कधी चकार शब्द काढला नाही, तो परक्या बाईला आमच्या लेकराचं सांगत होता. म्हणजे इतके दिवस ते ह्यांच्याही पोटात होतं तर. आजीबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या हसल्या नाहीत, च्-च् करत हळहळल्याही नाहीत. कुणाच्याही बाळाबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कुनावर गेलं हुतं रं बाबा?"

हे माझ्याकडं वळले. सावकाश, डोळे भरून माझा चेहरा बघितला.

"हिच्यावर," ते म्हणाले. "समदं हिच्यावर."