पंखा बंद करा आधी

दस्तगीरमामा आमच्या घरात पहिल्यांदा आले ते चपला काढायच्या आधीच ओरडत. "पंखा बंद करा आदी! आन् त्यो टीव्ही बी!" घर आमचं, बंद पडलेला कॉम्प्युटर आमचा, आणि हुकूम त्यांचा. आम्ही घामाघूम होऊन उभे, आणि हे गृहस्थ कॅबिनेटला कान लावून डोळे मिटून बसलेले. बाहेर शिवाजी पेठेतली पोरं मॅच जिंकून बोंबलत चालली होती. मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गप बसा की रं! पेशंट तपासतोय!" नवल म्हणजे पोरं गप्प झाली.

तो दसऱ्याचा दिवस होता. मी घरी लग्नपत्रिका टाइप करायची, त्यामुळे आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सासूबाईंनी इतर हत्यारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा केली होती. विळी आणि शिलाई मशीन यांच्या शेजारी त्यालाही झेंडूची माळ, हळदकुंकू आणि मूठभर अक्षता. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर नुसता किरकिर वाजत राहिला आणि पुढे सरकेना.

मामांनी ऐकलं आणि ते हसले. "कुनीतरी दाबून धरलंय ह्येला." त्यांनी कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि पाठीवर थापटला. खाली कुंकवात माखलेल्या अक्षता पडल्या. त्यातला एक दाणा एका बटणाखाली अडकून बसला होता.

"म्हंजे माज्या पूजेनं बिघडला म्हना की," सासूबाई फणकारल्या.

"तसं न्हवं आक्का. पूजा करा की झोकात. पन भायनं करा. आत कशाला जेवाय घालताय?"

सासूबाईंना कुणी असं बोललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि चहाचं आधण ठेवलं. त्या चहापासून मामा आमच्या घरचे झाले.

सगळा जन्म त्यांनी टेलिफोन खात्यात काढलेला. तारेतली खरखर ऐकून बिघाड कुठे आहे ते ओळखायचं, हेच काम. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा कॉम्प्युटर शिकले. गल्लीत कुणाचाही बंद पडला की मामांना हाक जायची. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "सुरू व्हताना त्यो आदी आपलंच अंग चाचपून बघतोय. एकच बारका आवाज आला, की समजायचं, घरात सगळी खुशाल हायत. जादा वाजला तर कुनाचं तरी दुखतंय. पन वाजतोय तवर काळजी न्हाय." त्यांचा सगळा भरवसा कानावर होता, आणि त्या कानाचा त्यांना भारी तोरा होता.

बरीच वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात आमचा कॉम्प्युटर पुन्हा अडला. मामा आले, नेहमीसारखे ओरडले, स्वतःच पंखा बंद केला, कान लावला. कॉम्प्युटर तीनदा वाजला. स्वयंपाकघरातून सासूबाईंनाही ऐकू आलं. मामा मात्र तसेच बसून राहिले.

"गप हाय," ते म्हणाले. "काय बी आवाज न्हाय. अवघड हाय."

सासूबाई दारात आल्या. जिभेला हाड नसलेली ही बाई आता काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. पण त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. मामा स्क्रू काढायला लागले. मला राहवेना. मी त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हटलं, "मामा, तीनदा वाजला. पंखा चालू राहिला होता ना, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग आतली मेमरीची पट्टी काढली, खोडरबरानं तिची पिवळी कड घासली आणि परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. मामा चहा न घेताच निघाले. दारात थांबून म्हणाले, "पंखा बंद हुता, सुनबाई. मीच केलता बंद."

त्या दिवशी मला रडू आलं. गल्लीत कळलं तर त्यांना हाक जायची थांबेल, आणि हाक थांबली की हा माणूस खचेल, एवढं मला दिसत होतं. चार दिवस ते फिरकले नाहीत. मग एका सकाळी दारात उभे. "जोशांचा बंद पडलाय. येतीस काय?"

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. "सुनबाई शिकतीया माज्याकडं," असं ते लोकांना सांगत. पंखा बंद व्हायचा, मामा डोळे मिटून कान लावायचे, आणि कॅबिनेटच्या आडोशाला मी त्यांच्या मनगटावर बोट टेकवायची. जितके आवाज, तितके ठोके. लांब आवाजाला बोट दाबून धरायचं. मग मामा डोळे उघडून ऐटीत निदान सांगायचे. ते दिवस फार सुखाचे होते.

मामी वारल्या आणि लेकीनं मामांना आपल्या गावी, कबनूरला नेलं. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट. "मला काय त्येचं? मागांचं आन् माजं चांगलं जमंल," असं म्हणून ते हसले आणि रिक्षात बसले. फोनवर बोलायची सोय नव्हती. उभी हयात लोकांचे फोन जोडून दिलेल्या माणसाला मी फोन करू शकत नव्हते, याचं मला आजही वाईट वाटतं. आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला, तो सुरू होताना मुळीच वाजत नाही. तरी बटण दाबायच्या आधी माझा हात पंख्याच्या बटणाकडे जातोच.

शेवटचं त्यांना भेटले तेव्हा ते अंथरुणावर होते. माग धडधडत होते, लेक माझ्याशी ओरडून बोलत होती. मी काहीतरी विचारलं, ते त्यांना पोचलं नाही. तब्येत विचारत असेन एवढं त्यांनी ताडलं असावं. त्यांनी माझा हात ओढून घेतला, डोळे मिटले, आणि माझ्या मनगटावर बोट टेकवलं. एकदाच, हलकेच.

मी वाट पाहिली. दुसरा ठोका आला नाही.