मुठीवरचा पट्टा

रोहन, ईरा,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही. देवासमोरसुद्धा मन या एका गोष्टीपाशी आलं की मी घाईने पुढचं स्तोत्र सुरू करते. तुम्ही दोघं दूर आहात म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? असेल. तेही मान्य करते.

मराठीत लिहितेय, तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू दे. आजीचं इंग्रजी किती चांगलं, असं सगळे म्हणतात ना? ज्या खोट्याबद्दल हे लिहितेय, ते मी इंग्रजीतच बोलले होते — शांतपणे, एकही चूक न करता. म्हणून आज इंग्रजी नको.

आणि आत्ताच का? रोहन, तुझ्यामुळे. तू घरच्या ग्रुपवर फोटो टाकलेस — टेक्सासात घेतलेलं ते मोठ्या बांध्याचं रिव्हॉल्व्हर, आणि त्याच्यासाठी तीन होल्स्टर. एक काखेतलं, एक पाठीमागे आडवं बसणारं, एक उजव्या कमरेवरचं. खाली लिहिलंस, "आजी, तू निवड. बाबा म्हणतो, आजोबांचं होल्स्टर घ्यायला तूच गेली होतीस." त्यापुढे हसरे चेहरे. मी फोन पालथा ठेवला. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, आणि मी तिथेच उभी होते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. काखेतलं घेऊ नकोस, एवढ्या वजनाने खांदा धरतो. पाठीमागचं नको, पडलास तर कण्यावर बसेल. कमरेवरचं घे. कातडं जाड हवं, चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, आणि कमरेचा पट्टा रुंद आणि ताठ हवा, नाहीतर सगळं एका बाजूला लोंबतं. आणि मुठीवरून येणारा, बटण लागणारा छोटा पट्टा असेल तेच घे. तो पट्टा स्वतःच्या हाताने लाव. "लावलास का?" असं कुणालाही विचारू नकोस. बायकोलासुद्धा नाही. बायकोला तर नाहीच.

हे सगळं मला तुमच्या आजोबांनी शिकवलं. शेवटचं वाक्य सोडून. ते माझं मला कळलं.

तुम्हाला घरात सांगितलं गेलंय ते असं — आजोबांच्या धाकट्या भावाने, मधुकरने, एका वरातीत आजोबांना त्यांच्याच रिव्हॉल्व्हरने मारलं. आधीपासून ठरवून. होल्स्टरचा पट्टा अगोदरच कापून ठेवला होता. त्याला जन्मठेप झाली. त्याचं नाव घरात काढायचं नाही.

यातली गोळी खरी आहे.

ते रिव्हॉल्व्हर माझ्या सासऱ्यांचं. नागपूरच्या कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा ते जंगलखात्यातून इकडे आले, आणि हे अवजड विलायती धूड बरोबर आणलं. हस्तिदंती मूठ, वापराने पिवळसर झालेली. सासरे गेल्यावर लायसन थोरल्याच्या, म्हणजे यांच्या, नावावर झालं. मधू भावजी प्रत्येक दसऱ्याला, शस्त्रपूजेच्या वेळी, तोच विनोद करायचे — "नेम बाबांनी शिकवला मला, आणि ओवाळायचं दादाला! अहो वहिनी, याला गलोलीनं कैरी पडत नाही." हे मोठ्याने हसायचे. भावजींच्या ताटात पहिलं श्रीखंड हेच वाढायचे. तो विनोद लक्षात ठेवा. पुढे मी तो वापरला.

तेव्हा आम्ही भोपाळच्या अयोध्या नगरात राहत होतो. हे मोठ्या कारखान्यात इंजिनीयर. निवडणूक आली की लायसनवाल्यांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं, त्या वर्षीही केलं. परत मिळालं तेव्हा सासऱ्यांचं जुनं, पूर्ण झाकण असलेलं होल्स्टर ठाण्याच्या मालखान्यात उंदरांनी कुरतडलेलं होतं. आणि तेवढ्यात शेजारच्या भदौरिया भाभींच्या मुलाचं लग्न निघालं.

भाभी चंबळकडच्या. त्यांच्यात वरात मुलीच्या दारी पोचली की हवेत बार काढायची रीत. आम्ही बायका गच्चीवर पापड वाळवत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "आप मराठी लोगों का क्या है दीदी, चार दाने चावल फेंके, ताली बजाई, हो गई शादी! बंदूक-वंदूक आप लोगों के बस की नहीं." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आतून पेटले. "हमारे ये चलाएँगे," मी म्हणाले. "देख लेना."

हे ऐकून यांनी कपाळाला हात लावला. "शब्द देऊन बसलीस? मी काय दरोडेखोर आहे?" दोन दिवस अबोला धरला. मग म्हणाले, "एकच बार काढीन, मोकळ्या आभाळात. पण होल्स्टर मी सांगेन ते."

महाराणा प्रताप नगरातल्या दुकानात गेलो. विक्रेता गोडबोल्या. त्याने आधी उघडं होल्स्टर काढलं — "मैडम, ये देखिए, पूरी मूठ बाहर. सामनेवाला दूर से ही नमस्ते करेगा." मला तेच हवं होतं. यांनी ते बाजूला सारलं आणि पट्टावालं घेतलं. बाहेर आल्यावर मी कुरकुरले, तेव्हा म्हणाले, "गर्दीत जायचंय. गर्दीला हात असतात."

इथवर यात काय आहे? हट्टी बायको, समंजस नवरा. प्रत्येक घरात असतं. इथेच थांबावंसं वाटतंय.

लग्नाच्या दिवशी दुपारी हे आंघोळीला गेले होते. भावजी पुढच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. मी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये ठेवून पाहिलं. पट्टा नेमका हस्तिदंतावरून जात होता. अर्धी मूठ झाकलेली. भाभींना काय दिसणार — काळं कातडं? बटण उघडं ठेवून पाहिलं. तर पट्टा जिभेसारखा बाहेर लोंबायला लागला. तुम्हाला माहीत आहे, मला लोंबतं काही सहन होत नाही. मी शिवणाची मोठी कात्री आणली आणि तो मुळापासून कापला. सरळ. माझं कापणं नेहमी सरळ असतं.

होल्स्टर मीच यांच्या कमरेला बांधलं, उजवीकडे, जरा मागे. वर बंद गळ्याचा कोट. मान वळवूनही त्यांना तिथलं दिसत नव्हतं.

"पट्टा लावलास का?"

"लावला."

आणि बटण लागल्याचा आवाज यावा म्हणून मी त्यांच्या पाठीमागे टिचकी वाजवली.

यापुढचं मी अनेकदा मनात पाहिलंय, तरी क्रम लावावा लागतो. मुलीचं दार आलं होतं. बँड कानठळ्या बसवत होता. यांनी कोटाची बाजू मागे सारली, मूठ दिव्यांत चमकली, आणि मी भाभींकडे पाहिलं. त्या क्षणी मी यांच्याकडे नाही, भाभींकडे पाहत होते. मधू भावजी पिऊन नाचत होते. ते मागून आले, हात घातला, एका ओढीत रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात. "सरक दादा! बाबांचा चेला मी!" त्यांनी हात वर उचलला. यांनी गर्रकन वळून मनगट पकडलं आणि खाली ओढलं — आसपास लहान मुलं होती ना, म्हणून.

बार बँडमध्ये बुडाला. यांच्या चेहऱ्यावर फक्त आश्चर्य दिसलं. मग बरगड्यांच्या खाली कोटाला भोक, आणि त्यातून रक्त. मी दोन्ही तळवे दाबून धरले. ते बोटांमधून येत राहिलं, चिकट, गरम — माणसाच्या आत एवढं गरम असतं हे मला ठाऊक नव्हतं. शुद्ध होती त्यांना. आणि त्यांनी काय केलं असेल? उजवा हात मागे नेला. होल्स्टर चाचपलं. जिथे पट्टा असायला हवा होता तिथे त्यांची बोटं थांबली, कापलेल्या कडेवरून फिरली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गाडीत, दवाखान्याच्या वाटेवर, माझ्या मांडीवर गेले.

पण त्याआधी, त्यांना गाडीत उचलून ठेवायच्या आत, मी आणखी एक केलं. जखम मोकळी करायला लोकांनी त्यांचा कमरपट्टा सोडवला होता. मी तो उचलला. भावजींना लोकांनी रस्त्यावर पाडलं होतं, लाथा घालत होते, आणि ते "दादा, दादा" असं ओरडत होते. मी पितळी बकलाच्या बाजूने त्यांच्या तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. किती वेळा ते आठवत नाही. ओठ फाटला, दात रस्त्यावर पडला, तरी हात थांबेना. डावा डोळा त्यातच गेला. लोक म्हणाले, बिचारी वेडी झाली दुःखानं. मी वेडी नव्हते. मला यांची ती बोटं दिसत होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारायची होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस इन्स्पेक्टरने होल्स्टर माझ्यासमोर धरलं. "पट्टा टूटा नहीं है मैडम, काटा गया है. किसने काटा?"

एक शब्द पुरला असता. मी. मी म्हणाले, "दुपारी मधुकर आमच्या घरीच होते." हे खरं होतं. "वडिलांचं रिव्हॉल्व्हर आपल्याला मिळालं नाही, असं ते नेहमी बोलून दाखवत." हेही खरं. "आणखी कोण कापणार, मला सांगता येणार नाही." हे खोटं. कोर्टात तेच सगळं इंग्रजीत बोलले. विनोद तेवढा विनोद म्हणून सांगितला नाही. दारूच्या नशेतली खेचाखेची होती, त्या कापलेल्या पट्ट्यामुळे ती ठरवून केलेला खून ठरली. तुमचा बाबा तेव्हा कॉलेजात होता. माझ्या शेजारच्या बाकावर बसून तो काकाकडे ज्या द्वेषाने बघत होता, तो द्वेष मी त्याला दिला.

भावजी केस पांढरे होऊन सुटले. एक दिवस दारात आले. जाळीच्या दाराबाहेर उभे, चप्पल काढून, एका डोळ्याने जमिनीकडे बघत.

"वहिनी, आत येत नाही. एवढंच विचारायचं होतं. तिथे रोज आठवून बघायचो. कात्री हातात घेतल्याचं आठवत नाही मला. पण घेतली असणार. प्यायलो होतो ना. तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

मी त्यांना चहा विचारला. — नाही. बघा, अजूनही सवय जात नाही. मी काही विचारलं नाही. आतलं लाकडी दार लावून घेतलं, आणि त्यांच्या चपलांचा आवाज जिना उतरेपर्यंत कडीवर हात ठेवून उभी राहिले.

मला भीती वाटत होती, मुलाचं शिक्षण व्हायचं होतं, असं काहीबाही वर लिहिलं होतं. ते सगळं खोडलं.

रिव्हॉल्व्हर सरकारजमा झालं. होल्स्टर कोर्टात गेलं ते परत आलं नाही. कापलेला पट्टा माझ्या शिवणाच्या डब्यात तळाशी आहे, बोटाएवढा, बटणाची पितळी टोपी अजून शाबूत. मधू भावजी इथेच भोपाळात, बाग सेवनियात एका खोलीत राहतात. तो पट्टा आपणच कापला, असं त्यांना आजही वाटतं.