कागदावरची पंधरा वर्षं

सुलोचना पहिल्यांदा लुगडं नेसली ती डॉक्टरपुढं उभं राहण्यासाठी.

आईचं हिरवं, दोन ठिकाणी दांड भरलेलं लुगडं. भागीरथेनं ते लेकीच्या कमरेभोवती दोन वेढे जास्तीचे देऊन आवळलं, निऱ्या खोचल्या आणि मागं सरून पाहिलं. खाटेवर बसलेला प्रेमदास दोघींकडे पाहत होता. पोरगी उंच, त्याच्यावर गेलेली. लुगड्यात ती खरोखरीच मोठी दिसायला लागली. त्यासाठीच तर नेसवलं होतं. पण भागीरथेनं तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. ती पटकन चुलीकडे वळली.

"खाली पाहून चालू नको वं," पाठमोरी राहूनच ती म्हणाली. "लुगडं नेसाची सवय असलेली बाई पायाकडं पाहत नसते."

सत्तावन सालची दिवाळी नुकतीच झाली होती. सिंदीत कापसाच्या बैलबंड्यांची रांग पार स्टेशनापासून जिनिंगच्या कारखान्यापर्यंत, जिनापर्यंत, लागलेली. मागच्या हंगामात प्रेमदास नगराळे याच जिनात हमाल होता. फाल्गुनात थप्पीवरची रुईची एक गाठ घसरली आणि त्याच्या डाव्या पायावर आली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. आता काठी घेऊन अंगणापर्यंत जाता येई, एवढंच. भागीरथेनं आधी दोन हंगाम रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायचं काम केलं होतं. रुईचा फुफाटा तिच्या छातीत बसला तो बसलाच. जिनाच्या फाटकापाशी नुसती गेली तरी तिला धाप लागायची. ती निंदणाला, वेचणीला जाई, पण तिच्या एकटीच्या मजुरीवर चौघांचं भागत नव्हतं. चौथा म्हणजे सुलोचनेचा तीन वर्षांचा भाऊ.

राहिली सुलोचना. ती पाचवीत शिकत होती.

मुकादम तानबा ओळखीचा होता. त्यानंच वाट सांगितली. "चवदाच्या आतलं लेकरू जिनात घेत नाई. चवदा सांगशीन तं अर्धा दिवस काम. तू पंधरा सांगजो. डाक्टरची सही झाली का मंग कोनी इचारत नाई."

"बारा हाये रे ती."

"कागदावर नाई ना."

प्रेमदास आठ दिवस विचार करत होता. वर्षभरापूर्वी नागपूरला दीक्षा घेताना, खोटं बोलणार नाही, हे वचन त्यानं सगळ्यांबरोबर मोठ्यानं उच्चारलं होतं, आणि सुलोचना त्याच्या शेजारी पांढऱ्या फ्रॉकमध्ये उभी होती. पोरीचा जन्म कधीचा हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. लढाई संपली त्या सालची दिवाळी. पण नवव्या दिवशी घरातली ज्वारी संपली आणि दहाव्या दिवशी तो काठी टेकत, थांबत थांबत पोरीला घेऊन डॉक्टरकडे निघाला.

डॉक्टरनं पोरीचे दात पाहिले, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मग विचारलं, "वय?"

"पंधरा," प्रेमदास म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

डॉक्टरनं मान वर केली. पोरीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. आणि तेवढ्यात सुलोचना आपणहून बोलली, "सोळावं लागन आता संक्रांतीले."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरनं सही केली. परत येताना प्रेमदासाला वाटलं, पोरीला काहीतरी बोलावं. रागवावं की शाबासकी द्यावी, हेच त्याला समजेना.

पहिले आठ-पंधरा दिवस ती रेच्यावरून घरी येई ती रुईनं पांढरी होऊन. केस, भुवया, पापण्या पांढऱ्या. लहान भाऊ "बुढी आली, बुढी आली" म्हणून टाळ्या वाजवायचा. ती हसायची, त्याला उचलायची. मग हळूहळू तिनं हसणं बंद केलं. आल्याबरोबर अंगावर पाणी घेई आणि कामाला लागे. जेवायला आता ती बापाबरोबर बसत नसे. सगळ्यांचं झाल्यावर आईबरोबर बसे आणि कढईतलं शेवटचं खरवडून घेताना आईला विचारी, "तुले पुरलं का वं?"

खाटेवरून प्रेमदास हे सगळं पाहायचा. दुसरं करायला होतंच काय? उजाडलं की त्या दोघी घराबाहेर, आणि दिवसभर तो, लहान पोर आणि समोरची भिंत.

एकदा शाळेचे गुरुजी आले. बाहेरूनच म्हणाले, "प्रेमदास, पोरगी हुशार आहे रे. दोन महिने झाले पटावर नाव नुसतंच आहे."

त्या दिवशी जिनाला सुट्टी होती. प्रेमदास काठी शोधेपर्यंत सुलोचना दारात गेली. डोक्यावरून पदर, हात पुसत. "बाबाले उठवत नाई गुरुजी. तुमीच बसा. च्या ठेवतो." आणि चहा देता देता, अगदी पन्नाशीची बाई बोलावी तशी, "शाळा तं चांगलीच असते जी. पन घरचं पाहा लागते ना," असं म्हणून तिनं गुरुजींना वाटेला लावलं. याच गुरुजींनी मारलेल्या छड्यांचे वळ सहा महिन्यांपूर्वी याच पोरीनं बापाला रडत रडत दाखवले होते. आता गुरुजी जाताना तिलाच "येतो बरं" म्हणून गेले. आत प्रेमदासाला उठून बसावंसंही वाटलं नाही.

पौषात केव्हातरी त्याच्या लक्षात आलं, की ती कामावर जाताना पदराला एक मोठी पिन लावते. टोक बाहेर ठेवून.

"हे कायले?" त्यानं विचारलं.

"गर्दी असते बाबा फाटकापाशी," ती म्हणाली. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डबा उचलला आणि गेली.

प्रेमदास जिनात बारा वर्षं होता. फाटकापाशी गर्दी कशी असते, त्या गर्दीत बायांना कोण कसं खेटतं, त्याला ठाऊक होतं. तोही त्या हमालांच्या घोळक्यात उभा राहून हसला होता. त्या दिवशी त्यानं भाकरी खाल्ली नाही. भागीरथेला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मीच देल्ली पिन. आता का करू, सांगा." पोरीला घरी बसवावं तर चूल बंद. पाठवावं तर हे असं.

माघात समुद्रपूरहून भागीरथेचा थोरला भाऊ नानाजी आला. जय भीम झाला, पाणी झालं, आणि त्यानं पोरीसाठी स्थळ काढलं. मुलाचं नाव श्रावण. सरकारी मोटारीवर क्लीनर. पंचविशीचा, निर्व्यसनी. पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही.

"नानाजी, तुमी बारशाले होते," प्रेमदास म्हणाला. "बारा वर्षाची पोट्टी हाये ते."

"जवाईबुवा, मले मालूम हाये. कागदाले कुठं मालूम हाये?" नानाजी शांतपणे म्हणाला. "पंधरा झाल्यावर सरकार बी अडवत नाई. तुमच्यापाशी डाक्टरचा कागद हाये. आन् तुमी बाराची हाये म्हनून गावभर सांगसान, तं ते जिनात किती दिवस राहीन?"

प्रेमदासानं बायकोकडे पाहिलं. त्याला वाटलं, ती तरी भावाला चार शब्द सुनावेल. भागीरथा तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "नवऱ्याच्या घरी पिन तं नाई लावा लागनार."

संध्याकाळी सुलोचना आली. मामानं तिच्यासमोरच विषय काढला, कारण आता तिच्यासमोर सगळंच बोललं जाई. तिनं ऐकून घेतलं. लाजली नाही, आत पळाली नाही. भावाचं नाक पुसत म्हणाली, "सीजन सरू द्या मामा. आता गेली तं घरचं कसं चालन? उन्हाळ्यात पाहू."

"तुले काय समजते त्यातलं?" प्रेमदास एकदम ओरडला. इतका मोठ्यानं की पोरगं दचकून रडायला लागलं.

सुलोचनेनं त्याला कडेवर घेतलं, थोपटलं. मग बापाकडे वळून म्हणाली, "तुमीच म्हनलं ना मले पंधराची हो. झाली."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर प्रेमदासाला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी श्रावण आणि त्याची आई कौशल्याबाई पाहायला आले. श्रावण सावळा, किडकिडीत. हातातली टोपी सारखी फिरवत बसलेला. कौशल्याबाईनं पोरीला चालून दाखवायला लावलं, भाकरी थापून दाखवायला लावली, जिनात काय करते ते विचारलं. सुलोचना एकेक उत्तर तोलूनमापून देत होती. म्हातारी खूश झाली. "लई समजदार हाये पोट्टी. एवढ्या उमरीत एवढी समज पाह्यली नाई मी."

श्रावण पहिल्यांदाच बोलला. "शाळा किती झाली?"

"चवथी पास हावो."

"कधी झाली चवथी?"

"मागल्या उनाळ्यात," सुलोचना म्हणाली, आणि म्हणताक्षणीच थांबली.

श्रावणानं टोपी फिरवायची थांबवली. त्यानं पोरीचे हात पाहिले, मनगटं पाहिली. मग प्रेमदासाकडे वळून हळूच विचारलं, "खरं सांगा काका. किती वर्षाची हाये?"

नानाजी खाकरला. भागीरथेनं पदर तोंडाशी नेला. प्रेमदासाला सगळ्या बाजूंनी दारं बंद झाल्यासारखं वाटलं. पंधरा म्हणावं तर पोरगी चालली. बारा म्हणावं तर चूल विझली. डॉक्टरपुढं एका शब्दानं पोरीची तीन वर्षं गेली होती, आणि आता दुसऱ्या शब्दानं उरलेलं सगळं जायचं होतं.

"बारा," तो म्हणाला. "तेरावं चालू हाये."

"बाबा!" सुलोचना ओरडली. त्या ओरडण्यात मात्र राग होता.

"बारा तं बारा," कौशल्याबाई म्हणाली. "मी नवाची होती माह्या लग्नात. काही झालं का मले?"

श्रावण उठून उभा राहिला. आईला म्हणाला, "माय, पयली तेराची होती. चवदाची होऊन मेली. बाळंतपनात. तू होती ना तिथं." मग टोपी डोक्यावर घातली, प्रेमदासाला हात जोडले आणि बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. म्हातारीही पदर सावरून उठली.

नानाजीनं जाताना चहाही घेतला नाही. आठवडाभरात तानबानं सुलोचनेला कामावरून काढलं. गोष्ट त्याच्यापर्यंत कोणी नेली ते समजलं नाही. तो घरी येऊन म्हणाला, "इन्स्पेक्टर आला तं पयले माही नोकरी जाईन, प्रेमदास. माफ कर." प्रेमदासानं मान हलवली. माफ करणारा तो कोण?

दुसऱ्या दिवशी सुलोचनेच्या जागी रेच्यावर भागीरथा गेली.

प्रेमदासानं नको म्हणून पाहिलं. तिनं तोंडाला फडकं बांधलं आणि गेली. रोज परतताना वस्तीच्या तोंडाशी तिचा खोकला आधी ऐकू येई, मग ती दिसे. इकडे प्रेमदास पोरीला घेऊन शाळेत गेला. पाव कोस चालायला त्याला एक तास लागला. गुरुजींनी काही विचारलं नाही, पटावर नाव होतंच. सुलोचना परकर-झंपर घालून पाचवीच्या पोरींत शेवटच्या ओळीत बसली. मधल्या सुट्टीत ती घरी पळत येऊन चूल पेटवून जाई. गुरुजी म्हणाले, अभ्यासात मागं नाही, पण वर्गातल्या पोरींशी बोलत नाही. त्या हसल्या तर ही त्यांच्याकडे पाहत राहते.

बापाशी तर ती बोलतच नव्हती. लागेल तेवढं, "पानी देऊ का," "माय आली नाई अजून," एवढंच. प्रेमदासानं बसल्या जागी अंबाडीचे दोर वळायला सुरुवात केली होती. शेतकरी अंबाडी आणून टाकत, दोर घेऊन जात. एका टोकाला धरायला माणूस लागे. शाळेतून आली की ती न सांगता दुसरं टोक धरून उभी राही, नजर अंबाडीवर ठेवून.

अशीच एकदा, चैत्रातल्या उन्हात, दोर वळता वळता ती म्हणाली, "मायले उद्यापासून जिनात पाठवू नका."

प्रेमदासाचे हात थांबले.

"आठ दिवस उरले सीजनचे. नाई गेली तं चालते. मी मोजलं हाये घरातलं. सुट्टी लागली का मी वावरात जातो तिच्या संगं. तिथं कोनी वय इचारत नाई." ती एवढं सगळं एका दमात बोलली. मग म्हणाली, "शाळा सोडत नाई मी. भेऊ नका."

भेऊ नका. बारा वर्षांची पोर बापाला सांगत होती.

त्याच्या मनात आलं, म्हणावं, बाई, हे तू नको मोजू. आमी मोजतो. तू जा, खेळ. पण ती मोजत होती ते बरोबर होतं, आणि त्याच्यापाशी त्याहून चांगला हिशेब नव्हता.

"बरं," तो म्हणाला.

भागीरथा आल्यावर त्यानं दोर वळता वळताच सांगितलं. तिनं तोंडावरचं फडकं सोडलं, धाप जिरू दिली आणि नवऱ्याकडे न पाहता पोरीला विचारलं, "जमन का वं?"

"जमन," सुलोचना म्हणाली. मग बापाकडे वळली. "बाबा, जरा हळू वळा. पीळ जास्त होऊन राह्यला."

प्रेमदासानं हात हळू केला.