बकुळीच्या खड्ड्यातलं पाणी

जेवणं उरकून मी सतरंजीवर आडवी झालेय. झोप लागली म्हणावं तर सून रत्नमाला मोरीत भांडी विसळतेय ते स्पष्ट ऐकू येतंय. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायाशी येऊन बसतं. ओल्या धोतराचा कुबट वास येतो.

"उठतीस का जरा?"

आवाज ह्यांचा. ह्यांना जाऊन सात महिने झालेत. मेलेल्या माणसाला ओ देऊ नये म्हणतात, म्हणून मी डोळे गच्च मिटून पडून राहते.

"लई गार लागतंय गं."

"कुठं?" तोंडातून निघूनच जातं. झालं, दिली ओ!

ह्यांची राख आम्ही नदीत सोडली नाही. मीच हटून बसले, की जन्मभर हे ज्या रानात राबले तिथंच राहू देत. पाच खड्डे घेतले, राख वाटून टाकली, वर पाच बकुळी लावल्या. बकुळ बारा महिने हिरवी, म्हणून बकुळ. आता पाचींची पानं पिवळी पडलीत. मी मेली सांज-सकाळ घागरी ओततेय, तरी! ही झाडं गेली तर हे दुसऱ्यांदा जातील, आणि ते मला सोसायचं नाही.

हे उठून चालू लागतात. नको नको म्हणत मी मागं निघते. मोरीत घोट्याइतकं पाणी, रत्नमाला पाठमोरी, हाक मारली तर वळत नाही. पुढचं पाऊल एसटी स्टँडवर पडतं. बाकांवर माणसं ओळीनं बसलीत, सगळ्यांचे पाय पाण्यात. मी खाली मान घालून जाते आणि समोर खड्डाच. हे त्यात कमरेइतक्या पाण्यात उभे.

"किती खोल घेतलास?"

"चार फूट. म्हटलं, तुम्हाला ऐसपैस होऊ दे."

"ह्या चोपण रानात? हितं पाणी जिरत न्हाई. भवती चिकण माती, मधी तुझी मऊ माती. रांजण केलास बाई. पाणी आत येतंय, जायला वाट न्हाई. वर तुझ्या घागरी!"

"तहान लागली असंल म्हणून ओतत होते हो!" मला रडूच फुटतं.

"तहान कसली? बुडालोय मी."

"मग काय करू?"

"वर काढ झाडं. खड्डे बुजव, गुडघाभर मातीचे ढीग कर, त्यावर बसव. बुंध्याला गळ्यापत्तोर माती लोटू नकोस. वढ्याकडं चर काढ. मातीत बोट घालून बघ, कोरडं लागलं तरच पाणी."

जिवंतपणी एवढं धड कधी बोलले नाहीत. आता हात पुढं करतात. "वढ मला."

मी हात मागं घेते. "मला न्यायला आलात ना? खरं सांगा."

"तुला कुठं नेऊ? हितं मलाच जागा न्हाई."

हात बर्फासारखा गार. सगळा जीव लावून ओढते, आणि भिजल्या शेंगदाण्याची साल निघावी तशी त्या हाताची कातडी सरकन माझ्या मुठीत येते. मी किंचाळते.

"आत्याबाई! अहो आत्याबाई!" रत्नमाला मला गदागदा हलवतेय. मूठ उघडत नाही. शेवटी तीच माझं एकेक बोट सोडवते.

आत वीतभर मूळ. काळं, गटारीसारखं घाण मारणारं. तिनं चिमटीत धरताच साल गळून पडते.

"ईऽऽ! हे कुठनं आणलं?"

काय सांगू? ह्याच हातानं तर मी आता जेवले. ती फेकायला निघते, मी हिसकावून घेते. टोकापर्यंत चाचपते. शेवटचं पेरभर मूळ पांढरं आहे, टणक आहे. नख लावलं तर ओलसर, जितं.

"कुदळ घे," मी म्हणते. "चप्पल राहू दे. पळ!"