ओग्न्यानचं नाव

आमच्या विदिन गावात माणूस मेला की त्याची सूचना दारावर, झाडावर, बसथांब्यावर चिकटते. फोटो, दोन ओळी, खाली घरच्यांची नावं. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. आमच्या दैनिकाच्या वेबसाइटवर या सूचना स्तोइलकाबाई लावायच्या; मी मजकूर तपासायचो आणि त्यांना छळायचो.

नवी यंत्रणा आली तेव्हा बाई हरखल्या. चौकट एकदाच बनवायची, हव्या तितक्या पानांवर वापरायची; एका जागी बदल केला की सगळीकडे होतो.

"बरं झालं," मी म्हणालो, "मेलेला माणूस आता एकदाच टाइप करायचा."

"तुमची चौकट तयारच आहे हो. फोटो तेवढा जरा बरा द्या."

त्याच हिवाळ्यात चौकटीत बाईंचे यजमान वेल्को आले. मुलगा ओग्न्यान स्पेनमध्ये ट्रक चालवतो. त्याला रजा मिळाली नाही, तो दफनाला आलाच नाही. सूचनेत मात्र आईच्या नावाखाली त्याचं नाव होतं.

वर्ष भरत आलं तसा बाईंचा राग पुन्हा उकळला. "आता म्हणे येतोय! बापावर मूठभर माती टाकायला सवड नव्हती मेल्याला!" वर्षाची सूचना लावताना त्यांनी त्याचं नाव उडवलं. पण चौकट एकच ना! नाव सगळ्याच सूचनांमधून गेलं, अगदी दफनाच्या सूचनेतूनसुद्धा. बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांचा फोन वाजला. बाईंना कमी ऐकू येतं, त्या स्पीकरवर बोलतात. एरवी माझी चंगळच, गावभर सांगायला मसाला मिळतो.

"आई, पहिल्या दिवसापासूनच काढलंस मला?"

"अरे, मी फक्त वर्षाच्या सूचनेतलं..."

"ट्रक थांबला की मी ते दफनाच्या सूचनेचं पान उघडायचो. तिथं तरी मी बाबांजवळ उभा होतो."

बाईंची बोटं कीबोर्डवर धडपडली. "थांब, थांब! हे बघ, लावलं. सगळीकडे आलं बघ!"

"एका बटणानं गेलं, एका बटणानं आलं. मी तिकीट रद्द केलंय, आई."

वर्षाच्या दिवशी थडग्यापाशी आम्ही दोघांनीच रिवाजाप्रमाणे आल्यागेल्याला उकडलेले गहू वाटले, मातीवर वाइन ओतली. शेजारच्या थडग्यावर आलेल्या एका बाईंनी विचारलं, "मुलगा नाही दिसत?"

"विमान चुकलं त्याचं," स्तोइलकाबाई म्हणाल्या.

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गावातली खरी बातमी कुणाकडे मिळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"माद्रिदला धुकं होतं," मी म्हणालो.