आबांचा डावा गुडघा

गेल्या आठवड्यात कुडाळच्या दवाखान्यात माझ्या पायाला एक चपटा सेन्सर बांधला. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली आणि पाय किती जोरात, किती लवकर उडाला ते समोरच्या पडद्यावर आकड्यांत उमटलं. हातोडीच्या त्या बद्द आवाजाने मी धामापूरच्या आमच्या पडवीत जाऊन पोचले.

तेव्हा मी कॉलेजात होते. माझ्या वडिलांची, आबांची, कंबर बरेच दिवस धरली होती. गावातले म्हातारे डॉक्टर घरी आले आणि त्यांनी आबांना उंच बाकड्यावर बसवलं. हातोडी लागताच उजवा पाय उडाला. डावा जेमतेम हलला.

"दोनय हातांची बोटां एकमेकांत अडकव आणि जोरान ओढ, म्हणजे पायाकडे लक्ष रवाचा नाय," डॉक्टर म्हणाले. मग स्नायू किती आवळतो ते हाताला कळावं म्हणून त्यांनी आबांच्या डाव्या मांडीवर तळहात ठेवला, स्वतःचे डोळे मिटले आणि पुन्हा हातोडी मारली. थोडं थांबून पुन्हा.

"डॉक्टरानू, माका कित्याक मारतास?" आबा म्हणाले. मला हसू आलं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "डावो पाय नीट जाब देना नाय रे. मणक्यात शीर चेपली आसा. उद्याच गोव्याक जा."

ऑपरेशन वेळेत झालं. आबा पुढे म्हातारपणापर्यंत भाताच्या मेरांवरून, त्या अरुंद बांधांवरून, चालले.

त्या दुपारी मला वाटलं होतं, डॉक्टरांना नीट कळत नाही म्हणून ते परत परत मारताहेत. आता वाटतं, त्यांना पहिल्याच ठोक्याला कळलं होतं. आपला अंदाज चुकीचा निघावा, एवढ्याच आशेने ते परत परत मारत होते.