बेंदराचा रंग

पंच्याहत्तर साली कोडोलीत ट्रॅक्टरचं काम करणारा इलाही मिस्त्री एकच होता. त्यानं बसवलेला नवा स्टार्टर पंधरा दिवसांत बंद पडला, हे ट्रॅक्टरचे मालक हंबीररावांनी गावभर केलं.

"जुनाच पुसून बसवलास की," भर अंगणात, लोकांसमोर ते म्हणाले. "आता ह्या गावात तुला कोण काम देतंय बघतो."

इलाहीनं दिवे लावून पाहिले. लागले. किल्ली फिरवली, तर स्टार्टर नुसता टक्‌ करून गप्प झाला. मग तो बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरीपाशी वाकला. मधे आलेल्या बेंदराला बैलांच्या शिंगांबरोबर ट्रॅक्टरही रंगवला होता, आणि वायर काढून तिच्या खालच्या लोखंडाला जाड रंग फासून ती त्यावरच आवळली होती. दिव्यांपुरती वीज जात होती, स्टार्टरपुरती नव्हती.

"हे कुणी रंगवलं?"

"मी. रंगाचंबी तुला इचारायचं व्हय?"

इलाहीनं रंग खरवडला, वायर पुन्हा आवळली आणि किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. लोक हसले, तसे हंबीरराव गुरगुरले, "माझा रंग घालवलास, त्याचं काय?"

"पुन्हा लावा की, मालक," पाना पुसत इलाही म्हणाला. "फकस्त त्यानंतर मला बोलवायचं न्हाय."